कोणता सर्व्हर, आणि रात्री उठणार कोण?

या महिन्यात सर्व्हरबद्दलची पत्रं इतकी आली, की मोबाइल आणि प्रिंटरवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. कारण उघड आहे. गणपती तोंडावर आलेत. स्पर्धांचे अर्ज, देणग्यांची पानं, अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचे फोटो, सगळं एकदम जागं होतंय. एक विनंती करते: नुसतं ‘साइट स्लो आहे’ एवढंच लिहू नका. रॅम किती, सिस्टिम कोणती, काय केल्यावर बिघडतं, हे कळलं तरच उत्तराला काही अर्थ.

ताई, नमस्कार. आमच्या मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र आहे. साइट वर्डप्रेसवर, ४ जीबी रॅमच्या भाड्याच्या व्हीपीएसवर. उबुंटू आणि अपाची. एरवी काही त्रास नाही. पण मेळाव्याच्या नोंदणीची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की थोड्याच वेळात साइट बसते, ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असं दिसतं आणि सर्व्हर बंद-चालू करावा लागतो. भाचा म्हणतो एन्जिनएक्स लावा. होस्टिंगवाला म्हणतो ८ जीबीचा प्लॅन घ्या. कोणाचं ऐकू?
— एक कार्यकर्ते, रामबाग, इंदूर

दादा, दोघांचंही ऐकण्याआधी थोडा हिशेब करू. (नव्या वाचकांसाठी: व्हीपीएस म्हणजे मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला वाटा, उबुंटू हे एक लिनक्स, वर्डप्रेस हा साइट बनवायचा तयार प्रोग्रॅम, आणि अपाची व एन्जिनएक्स हे मागेल त्याला पान पाठवणारे वेब सर्व्हर.) तुम्ही लिहिलेल्या संदेशातच अर्धं उत्तर आहे. साइट बसते तेव्हा अपाची जिवंत असतो, तोच तर तो संदेश दाखवतोय. मेलेला असतो डेटाबेस, आणि बहुधा त्याला लिनक्सनेच मारलेलं असतं. लिनक्स प्रोग्रॅमना मागतील तेवढी मेमरी कबूल करत जातो, हातात तेवढी नसली तरी. सगळ्यांनी ती एकदम वापरायला काढली की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कोणाला तरी बंद करावं लागतं. पाळी सहसा सर्वात जास्त मेमरी धरून बसलेल्यावर येते, आणि वर्डप्रेसच्या मशीनवर तो डेटाबेस, म्हणजे मायएसक्यूएल नाहीतर मारियाडीबी, असतो. खात्री करायची तर जर्नलसीटीएल या कमांडला मागच्या बूटचा (रीस्टार्टच्या आधीचा) कर्नल-लॉग मागा आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. तुम्ही रीस्टार्ट करून टाकता म्हणून फक्त चालू बूटचं दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडमध्ये ते सापडणार नाही.

आता मेमरी का संपते? उबुंटूवर अपाचीमध्ये पीएचपीचं (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय त्या भाषेचं) मॉड्यूल बसवलं की अपाची ‘प्रीफोर्क’ पद्धतीने चालतो: दर पाहुण्यामागे एक आख्खी प्रोसेस (प्रोग्रॅमची चालती प्रत), आणि प्रत्येकीच्या पोटात पीएचपी. ‘टॉप’ ही कमांड लावून एक प्रोसेस किती मेमरी घेते ते पाहा. वर्डप्रेसमध्ये प्लगइनांची गर्दी असेल तर ६० एमबी मला नवल वाटणार नाही. (त्यातला काही भाग सगळ्यांचा सामाईक असतो, खरा आकडा थोडा कमी, हिशेबाला चालतं.) उबुंटूच्या तयार कॉन्फिगमध्ये अशा जास्तीत जास्त १५० प्रोसेसना परवानगी असते. १५० गुणिले ६० म्हणजे ९,००० एमबी. तुमच्याकडे आहेत ४,०९६. होस्टिंगवाल्याचं ऐकून ८ जीबी घेतले तर होतील ८,१९२. म्हणजे पैसे दुप्पट, आणि मेळाव्याच्या दिवशी साइट पुन्हा बसणारच, थोडी उशिरा.

शिवाय प्रीफोर्कची आणखी एक खोड आहे. पान पाठवून झालं तरी ‘कीप-अलाइव्ह’मुळे प्रोसेस त्याच पाहुण्यासाठी ५ सेकंद अडकून राहते, तो अजून काही मागेल म्हणून. पंगतीत जेवून हात धुवायला गेलेल्या पाहुण्याच्या रिकाम्या पानापुढे वाढपी उभाच, आणि बाहेर लोक ताटकळलेत, असा प्रकार. व्हॉट्सॲपची लिंक दोन मिनिटांत तीनशे जण उघडतात, तेव्हा हे ५ सेकंद फार महाग पडतात.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. डेटाबेसला १ जीबी, सिस्टिमला अर्धा जीबी बाजूला ठेवा. उरले अडीच जीबी, म्हणजे २,५६० एमबी. भागिले ६०, साधारण ४२. अपाचीची प्रोसेसची मर्यादा, मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्स, १५० वरून ४० वर आणा. एकेचाळिसावा माणूस काही सेकंद रांगेत थांबेल, पण डेटाबेस मरणार नाही. मर्यादा कमी केल्याने साइट टिकते हे कमिटीला पटवणं अवघड जाईल. मला तर दर वेळी अवघड जातं.

दुसरं काम जरा मेहनतीचं, पण खरा फरक तिथे पडतो. पीएचपी अपाचीच्या पोटातून बाहेर काढून पीएचपी-एफपीएम या वेगळ्या सेवेत न्या आणि अपाची ‘इव्हेंट’ पद्धतीवर आणा. २०१२ साली आलेल्या अपाची २.४ पासून ही पद्धत पक्की झाली आहे. तिच्यात नुसत्या जोडून बसलेल्या पाहुण्यांचा भार एक थ्रेड (प्रोसेसच्या आतला हलका धागा) सांभाळतो, आणि फोटो किंवा सजावटीच्या सीएसएस फाइली द्यायला पीएचपीचं ओझं लागत नाही. एफपीएमच्या प्रोसेसच्या मर्यादेला, मॅक्स-चिल्ड्रनला, तोच ४० चा हिशेब. मग नोंदणीच्या पानाला कॅशे प्लगइन (तयार पानाची प्रत ठेवून तीच देणारं) लावा. ते पान सगळ्यांना सारखंच असतं, दर वेळी नव्याने शिजवायचं कारण नाही. मात्र लॉगिन केल्यावर दिसणारी पानं चुकूनही कॅशेत जाऊ देऊ नका. एका घरच्या मुलीची माहिती आणि फोन नंबर भलत्यालाच दिसला, तर तो सर्व्हर बसण्यापेक्षा मोठा घोळ. आणि लोक मोबाइलवरचे ५-५ एमबीचे फोटो चढवतात, ते आल्याबरोबर लहान करून ठेवा.

राहिला भाचा. तो चुकीचं सांगत नाहीये. इगोर सिसोएव्ह यांनी एन्जिनएक्स २००२ मध्ये लिहायला घेतला आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला, तो याच दुखण्यासाठी: मोजक्या प्रोसेसमध्ये हजारो जोडण्या सांभाळायच्या. पण तुमचं पीएचपी तिथेही एफपीएममध्येच चालणार, तोच डेटाबेस, तेच ४०. फरक बिघाडाच्या तऱ्हेत आहे, आणि मी निवड करताना आधी तेच बघते. बेहिशेबी प्रीफोर्क पडताना आख्खं मशीन घेऊन पडतो. तुम्हाला आत लॉगिनसुद्धा करता येत नाही. एन्जिनएक्समागचं पीएचपी दमलं तर पाहुण्याला ५०२ किंवा ५०४ हा चुकीचा आकडा (एरर) दिसतो, पण फोटो, साधी पानं आणि तुमचं लॉगिन चालू असतं. अपाची इव्हेंटवर नीट बांधला की तोही असाच वागतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत हा निर्णय भाच्यावर आहे, सॉफ्टवेअरवर कमी. तो इंदूरात राहणार असेल, मेळाव्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता फोन उचलणार असेल, तर खुशाल एन्जिनएक्स घ्या. पुढच्या वर्षी नोकरीला पुण्या-बंगळूरला जाणार असेल तर अपाचीच ठेवा, तो समजणारी माणसं जास्त मिळतात.

एन्जिनएक्स घेतलाच तर दोन गोष्टी त्याला आधी विचारा. अपाची दर फोल्डरमधली डॉट-एचटीॲक्सेस ही नियमांची फाइल वाचतो, एन्जिनएक्स ती बघतही नाही. तिच्यातले सगळे नियम हाताने नव्या कॉन्फिगमध्ये आणावे लागतात, आणि त्यात एखादं फोल्डर झाकून ठेवायचा नियम असेल आणि तो राहून गेला, तर ते फोल्डर जगाला उघडं. दुसरं, एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही चढवू देत नाही. पहिल्याच दिवशी पालकांचे फोन येतील की फोटो जात नाही, ४१३ असा आकडा दिसतो. मर्यादा वाढवायची ओळ एकच आहे, पण ती माहीत हवी.

आणि मेळाव्याची वाट बघत बसू नका. रात्री उशिरा, दुसऱ्या एखाद्या मशीनवरून, अपाचीबरोबर मिळणाऱ्या एबी या छोट्या प्रोग्रॅमने ५०० विनंत्या पाठवा, एकावेळी ५०. त्या वेळी सर्व्हरवर ‘टॉप’ उघडा ठेवा. काय आधी संपतं ते डोळ्यांना दिसेल.

मॅडम, आमचं सियागंजात घाऊक दुकान आहे. गावोगावचे व्यापारी ज्यावर ऑर्डर टाकतात तो सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर आहे. तीन वर्षांत एकदाही बंद केलेला नाही, इतका मजबूत. आता नवा मुलगा आलाय तो म्हणतो बदला. चालतंय ते कशाला बदलायचं?
— एक व्यापारी, इंदूर

भाऊ, तुम्ही ज्याचा अभिमान सांगताय त्याचीच मला धास्ती वाटते. तीन वर्षं रीस्टार्ट नाही याचा अर्थ तीन वर्षं कर्नलची एकही दुरुस्ती लागू झालेली नाही, कारण साधारणपणे ती रीस्टार्टशिवाय लागत नाही. आणि आज वीज गेली, यूपीएसने दगा दिला, तर हे मशीन परत उठेल का हे कोणालाच माहीत नाही. मधल्या काळात कोणी तरी एखादी सेवा हाताने चालू केलेली असते, ती बूटला लागते की नाही हे तपासायचं राहून गेलेलं असतं. माझ्या हाताखालचं प्रत्येक मशीन मी ठरवून, दिवसाढवळ्या, चहाचा कप हातात असताना रीस्टार्ट करते. उठलं नाही तर तेव्हाच कळलेलं बरं.

मुलाचं बरोबर आहे. सेंटओएस ७ ची मुदत, म्हणजे दुरुस्त्या मिळायचा काळ, ३० जून २०२४ ला संपली. आता तिथे यम अपडेट (दुरुस्त्या आणायची कमांड) दिलं तर सर्व्हर सापडत नाही अशीच तक्रार येते, कारण जुने पत्तेच बंद झालेत. सेंटओएस ८ चं तर याहून वाईट झालं: २०२९ पर्यंत चालेल म्हणून लोकांनी घेतली, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ लाच ती थांबणार. त्या धक्क्यातून २०२१ मध्ये सेंटओएसची जागा घेणारे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. दोघांच्याही ९ क्रमांकाच्या आवृत्तीला २०३२ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. तुमच्या मुलाचा हात यमवर आणि त्याच्या नव्या अवतारावर, डीएनएफवर, बसलेला असेल तर यातलंच एक घ्या. माझा स्वतःचा कल डेबियन या दुसऱ्या लिनक्सकडे. एकदा आवृत्ती ठरली की ती मधेच काही नवं आणून घोळ घालत नाही. ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ ला २०३० पर्यंत दुरुस्त्या आहेत, उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत. कुठलीही घ्या, पण मुदत संपायची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहा, जीएसटीच्या तारखांशेजारी.

खरं काम सिस्टिम बदलण्यात नाहीच. सेंटओएस ७ बरोबर पीएचपी ५.४ यायचं. तुमचा ऑर्डरचा प्रोग्रॅम त्या काळचा असेल तर डेटाबेसशी बोलायची जी जुनी फंक्शनं त्यात भरलेली असतील ती डिसेंबर २०१५ मधल्या पीएचपी ७ मध्येच काढून टाकली गेली. नव्या मशीनवर तो उघडणारसुद्धा नाही. म्हणून मुलाला सिस्टिमसाठी दोन दिवस आणि प्रोग्रॅमसाठी पुष्कळ जास्त वेळ द्या, आणि तो वेळ लागतोय म्हणून त्याच्यावर ओरडू नका.

जुन्याच मशीनवर उडी मारून नवी आवृत्ती बसवायची सोय आहे, पण मी ती धंद्याच्या मशीनवर वापरत नाही. नवं मशीन शेजारी उभं करा, डेटाची प्रत नेऊन त्यावर आठवडाभर खोट्या ऑर्डरी टाकून बघा. बदलायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (साइटच्या नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे पत्ता बदलला की पाच-सात मिनिटांत बहुतेक गिऱ्हाईक नव्या ठिकाणी येतील. बाजार बंद असेल तो दिवस धरा. जुनं मशीन बंद करा पण महिनाभर पुसू नका.

मावशी, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही कॉलेजच्या फेस्टची साइट करतोय. नेटफ्लिक्स फ्रीबीएसडी वापरतं मग आपण लिनक्स का वापरायचं? परफॉर्मन्स कोणाचा जास्त?
— एक विद्यार्थी, इंदूर

नेटफ्लिक्सचं तू म्हणतोस ते खरं आहे. (फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच, पण वेगळी सिस्टिम.) त्यांची ओपन कनेक्ट नावाची व्हिडिओ पुरवणारी यंत्रं फ्रीबीएसडी आणि एन्जिनएक्सवर चालतात. पण ती यंत्रं करतात काय, तर डिस्कवरची मोठाली फाइल उचलून नेटवर्कवर लोटतात. त्यासाठी ‘सेंडफाइल’ने फाइल प्रोग्रॅमच्या मेमरीत न आणता परस्पर पाठवायची, आणि एन्क्रिप्शनही कर्नलमध्येच उरकायचं, असं काम त्यांच्या लोकांनी स्वतः कर्नलमध्ये उतरून केलंय. त्यातलं कर्नलमधलं एन्क्रिप्शन पुढे फ्रीबीएसडी १३ मधून सगळ्यांना मिळालं. तुझ्या फेस्टच्या साइटवर एक वेळापत्रक, एक फॉर्म आणि पन्नास फोटो आहेत. तिथे हा फरक तुला मोजतासुद्धा येणार नाही.

एके काळी फरक होता. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न टाकला, की एका मशीनने एकावेळी दहा हजार जोडण्या का सांभाळू नयेत? एकदम पुष्कळ जोडण्यांवर लक्ष ठेवायला फ्रीबीएसडीने २००० मध्ये ‘के-क्यू’ आणलं. लिनक्सच्या स्थिर कर्नलमध्ये त्याच कामाचं ‘ई-पोल’ आलं ते डिसेंबर २००३ मधल्या २.६ पासून. मधली तीन वर्षं फ्रीबीएसडीवाल्यांनी कॉलर ताठ ठेवली, आणि ती ठेवायचा त्यांना हक्क होता. आज दोघांकडे सगळं आहे.

फेस्टसाठी डेबियन किंवा उबुंटू घे, कारण फेस्टच्या रात्री तू नाचत असशील आणि साइट बघणाऱ्या ज्युनिअरला लिनक्सच येत असेल. पण सुट्टीत लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन करून फ्रीबीएसडी जरूर बसव. त्याचं हँडबुक पहिल्या पानापासून वाच. इतकं नीट लिहिलेलं फार कमी सापडतं. जेल (एकाच सिस्टिममधल्या वेगळ्या बंद खोल्या) आणि झेडएफएस या फाइल-सिस्टिमचे स्नॅपशॉट हाताने करून बघ. २००० सालच्या जेलची कल्पना कळली की पुढे कंटेनर शिकताना अर्धा अभ्यास झालेला असेल.

आमच्या ऑफिसचं जुनं हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर विंडोजवर आयआयएसमध्ये चालतं. लिनक्सवर नेलं तर वेग वाढेल का?
— एक वाचक, देवास

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉट-नेट फ्रेमवर्कवर लिहिलेलं असेल तर त्याला विंडोज लागणारच, आयआयएसच ठेवा. विंडोजचा हा वेब सर्व्हर काही वाईट नाही. २०१६ नंतरच्या नव्या डॉट-नेटवर असेल तर लिनक्सवर जाता येईल, पण निव्वळ वेगासाठी जाऊ नका. एकच बघा: ते विंडोज सर्व्हरवर आहे की कोणाच्या टेबलाखालच्या साध्या विंडोजवर? डेस्कटॉप आवृत्तीतला आयआयएस एकावेळी मोजक्याच विनंत्या घेतो, बाकीच्यांना रांगेत उभं करतो. पहिल्या तारखेला सगळे एकदम पगारपत्रक उघडतात तेव्हा ‘स्लो’ होतं ते यामुळेही असू शकेल.

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या साइटसाठी होस्टिंग कंपनी ९९.९ टक्क्यांची हमी देते. म्हणजे जवळजवळ बंद पडणारच नाही, असं समजायचं का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

काका, तुम्हाला टक्केवारी मी काय शिकवणार! वर्षाचे तास ८,७६०. त्याचा एक हजारांश म्हणजे पावणेनऊ तास. एवढा वेळ बंद राहूनही कंपनी वचनाला जागली असं होतं. ९९ टक्के म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटांच्या आत. आणि या अटी बारकाईने वाचा: हमी बहुधा त्यांच्या मशीनची आणि नेटवर्कची असते, तुमच्या साइटची नसते, आणि हमी मोडली तर भाड्यातले थोडे रुपये वळते करून देतात. शिवाय साइट तीन गोष्टींवर उभी असेल, समजा मशीन, डेटाबेस आणि डीएनएस, आणि प्रत्येक ९९.९ टक्के चालत असेल, तर तिन्ही एकाच वेळी चालू असण्याचं गणित ९९.७ वर येतं. म्हणजे वर्षाला २६ तास.

संघाच्या साइटला २६ तासही चालतील, त्याची काळजी करू नका. लहान साइटी कंपनीच्या मशीनमुळे क्वचितच बंद पडतात. डोमेनचं नूतनीकरण विसरलं, लॉग वाढून डिस्क भरली, नाहीतर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र संपलं, ही नेहमीची कारणं. तिसरं पुढे जास्त छळणार आहे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, आणि इतर सगळ्यांच्याही मुदती कमी होत चालल्यात: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. हाताने बदलत बसणं तेव्हा शक्यच नाही. म्हणून कंपनीला विचारा, की नूतनीकरण आपोआप होतं का, आणि झाल्यावर वेब सर्व्हर नवं प्रमाणपत्र वाचायला रीलोड होतो का. दुसरा अर्धा भाग विसरला, की फाइल नवी असते आणि लोकांना मात्र जुनंच, संपलेलं दिसतं. फुकट प्रमाणपत्र असेल तर संपत आल्याची ईमेल येईल या भरवशावर राहू नका. लेट्स एन्क्रिप्टने ती पाठवणं २०२५ च्या जूनमध्ये बंद केलंय.

साइट चालू आहे की नाही हे बघणारी सेवा लावणार असाल, तर ती सर्व्हरच्या बाहेरून बघणारी हवी, आणि तिला पानावरचा एखादा शब्द शोधायला सांगा, संघाचं नाव वगैरे. नुसतं ‘सर्व्हर उत्तर देतो का’ एवढंच विचारलं, तर कोरं पान आलं तरी ती सगळं ठीक म्हणून सांगेल.